नवऱ्याला श्टुटगार्टला नोकरी लागली, मी आताच राजीनामा देऊ का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही नाशिकला एका हॉस्पिटलात सात वर्षं फिजिओथेरपिस्ट आहात. चार वर्षांची मुलगी आहे, सासू-सासरे सोबत राहतात. मिस्टरांना श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीत वर्षाला ६२,००० युरोची नोकरी लागली आहे आणि ऑगस्ट २०२६ मध्ये त्यांना रुजू व्हायचंय. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. एवढ्या पगारात भागेल का, तिघांनी एकदमच यावं की मिस्टरांनी पुढे यावं, आणि सामानात काय आणावं. शेवटी एक वाक्य आहे: "माझ्या कामाचं काय ते तिकडे गेल्यावर बघू."

तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते. पण मला खरं बोलायचंय ते त्या शेवटच्या वाक्याबद्दल.

मी २०११ साली अशीच आले होते. पुण्यात प्रयोगशाळेतली बरी नोकरी सोडली, "तिकडे गेल्यावर बघू" म्हणाले, आणि पुढची तीन वर्षं घरात बसून काढली. आता दहा वर्षं इथल्या एका कंपनीत, बाहेरच्या देशांतून येणाऱ्या लोकांचं बस्तान बसवून देण्याचं काम करते. घर, नोंदणी, शाळा, विमा, सगळं. नोकरीवर आलेल्या माणसाची घडी सहा महिन्यांत बसते, कारण त्याला सकाळी जायला एक जागा असते आणि कागद कंपनी बघते. बिनसतं ते सोबत आलेल्या शिकलेल्या बाईचं (क्वचित पुरुषाचंही). दोन-अडीच वर्षांत परत गेलेली जी कुटुंबं मी पाहिली, त्यांतली बहुतेक पगार पुरला नाही म्हणून गेली नाहीत. घरात एक माणूस रिकामं बसून खचलं, म्हणून गेली. त्यामुळे तुमच्या कामाचा प्रश्न मी पहिला घेते.

जर्मनीत फिजिओथेरपी हा सरकारी नियंत्रणाखालचा व्यवसाय आहे. सॉफ्टवेअरवाल्यासारखं डिग्री दाखवली, मुलाखत दिली आणि काम सुरू केलं, असं तुम्हाला करता येणार नाही. डॉक्टर, दंतवैद्य, नर्स, फार्मासिस्ट यांच्याच रांगेत तुम्ही. आधी मान्यता लागते, तिला इथे आनेर्केनुंग म्हणतात. श्टुटगार्ट बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येतं, आणि या राज्यात तुमच्या व्यवसायाची मान्यता रेगिरुंग्सप्रेझिडियुम श्टुटगार्ट हे कार्यालय देतं. दुसऱ्या राज्यात गेलात तर कार्यालय वेगळं, कागदांची यादीही थोडी वेगळी. म्हणून हैदराबादच्या एखाद्या मैत्रिणीने बर्लिनमध्ये काय केलं त्यावर फार विसंबू नका.

इथे फिजिओथेरपी हा तीन वर्षांचा व्यावसायिक कोर्स आहे, तुमची डिग्री इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांची. साहजिकच वाटतं की आपलं पारडं जड. पण ते कार्यालय वर्षं मोजत नाही, तास मोजतं. इथल्या कोर्सला वर्गातले २,९०० तास आणि रुग्णांबरोबरचे १,६०० तास ठरलेले आहेत, तेही विषयवार. मसाज, पाण्यातले उपचार अशा गोष्टींना वेगळे तास आहेत. आपल्या मार्कलिस्टवर विषय असतो, गुण असतात, तास कुठेच नसतात. मग तुम्ही तो विषय चांगला शिकलेल्या असलात तरी कागदावर तो शून्य धरला जाण्याची भीती असते. काही कमी आहे असं निघालं तर दोन वाटा मिळतात, पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा. दोन्हींत वेळ जातो. कमतरता जितकी थोडी निघेल, तितकी ही वाट आखूड.

म्हणून राजीनाम्याच्या आधी एक काम करा. कॉलेजात जा आणि विषयवार तासांचा तक्ता मागा. कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांची सही आणि शिक्का, थिअरीचे तास वेगळे, प्रॅक्टिकलचे वेगळे, वॉर्डातले वेगळे. इंटर्नशिपच्या दाखल्यावर कोणत्या विभागात किती आठवडे हे लिहून घ्या. तुमचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकलाच आहे, तेव्हा मार्कलिस्टच्या जादा प्रती आणि अभ्यासक्रमाची प्रत आताच काढा. राज्याच्या फिजिओथेरपी कौन्सिलकडून नोंदणीचा दाखला आणि तुमच्याविरुद्ध तक्रार नसल्याचं पत्र घ्या, आणि नोंदणी चालू ठेवा, ती सोडू नका. हॉस्पिटलकडून मिळणाऱ्या अनुभवाच्या पत्रात "सात वर्षं काम केलं" एवढंच नको. अस्थिरोग, न्यूरो, अतिदक्षता, कुठे किती काळ आणि आठवड्याला किती तास, ते यायला हवं. सात वर्षांचा अनुभव कमतरता भरून काढायला धरला जाऊ शकतो, पण तो असा फोडून लिहिलेला असेल तरच.

माझ्या ओळखीतल्या सांगलीकडच्या एका मुलीने हे सगळं इथे आल्यावर सुरू केलं. तासांच्या तक्त्यासाठी तिच्या वडिलांनी कॉलेजात सहा चकरा मारल्या. मधल्या काळात जुने प्राचार्य निवृत्त झाले आणि नव्यांनी "आमच्याकडे असा फॉर्मच नाही" म्हणून सांगितलं. तुम्ही गावातच आहात, स्वतः समोर बसून ते पत्र टाइप करून घेऊ शकता. हे सामर्थ्य विमानात बसलात की संपतं.

मान्यतेचा अर्ज भारतातूनही करता येतो. त्यासाठी जर्मन सरकारची मोफत सल्ला देणारी सेवा आहे, त्सेंट्राले झेर्विसश्टेले बेरुफ्सआनेर्केनुंग. त्यांच्याशी ईमेलने इंग्रजीत बोलता येतं. अर्ज पुरा करायची घाई नको, पण त्यांच्याकडून कागदांची यादी आजच मागवा.

दुसरा भाग भाषेचा. मिस्टर ब्लू कार्डवर (शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या राहण्या-कामाच्या परवान्यावर) येतायत असं धरते. २०२६ साठी ब्लू कार्डाची साधारण पगारमर्यादा वर्षाला ५०,७०० युरो आहे, त्यांचा पगार तिच्या बराच वर आहे. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा लागत नाही आणि आल्या दिवसापासून काम करायची मुभा असते. दोन्ही सवलती चांगल्या आहेत, पण पहिलीने खूप जणींचं नुकसान केलेलं मी पाहिलंय. परीक्षा नाही म्हणून शिकायचं राहून जातं. बाजारहाट इंग्रजीवर निभतो, शेजारी हसून बोलतात, वर्ष सरतं. तुमच्या व्यवसायाला मात्र बी२ पातळी (भाषेच्या ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्यांतली चौथी) लागते, आणि ती नुसती कागदासाठी नाही. तुमचे बरेच रुग्ण सत्तरीच्या पुढचे असणार. पाठ कुठे दुखते, कशी दुखते, पायात मुंग्या येतात की आग होते, हे ते सांगणार, आणि या भागातले म्हातारे वर्गातली जर्मन बोलत नाहीत, श्वेबिश ही इथली बोली बोलतात. ती कानावर पडायलाच वर्ष लागतं. पण एकदा का "दुखतं" म्हणायचे पाच प्रकार कळले की इथले रुग्ण तुम्हाला जीव लावतात, हे मी माझ्या ओळखीतल्या दोघींच्या बाबतीत पाहिलंय. आणि फिजिओथेरपिस्टांची जर्मनीत मोठी टंचाई आहे. मान्यता हाती आली की काम शोधावं लागत नाही.

किती वेळ लागेल? सरकारचा जो इंटिग्रेशन कोर्स असतो, त्यात शून्यापासून बी१ पर्यंत भाषेचे ६०० तास धरले आहेत, शिवाय देशाची ओळख करून देणारे १००. कुटुंबासोबत येणाऱ्यांना या कोर्सला बसता येतं, आणि पुढे बी२ साठी नोकरीशी जोडलेले वर्ग असतात. पण मूल लहान, घर नवं आणि भाषा शून्य, अशा तिन्ही गोष्टी एकदम आल्या की पहिले सहा महिने हातून जातात. ए१ आणि ए२ नाशिकलाच करा. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनाचे ऑनलाइन वर्ग आहेत. नाशिकला शिकवणी घेणारी एखादी बाई असेल तर तीही चांगली, फक्त परीक्षा गोएथेचीच (मॅक्स म्युलर भवन ज्या संस्थेचं आहे तिची) द्या. इथे आल्यावर थेट बी१ च्या वर्गात बसणं आणि "माझं नाव अमुक" पासून सुरुवात करणं, यांत एका वर्षाचं अंतर पडतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, एकदम यावं की मागून. माझं मत स्पष्ट आहे: मिस्टरांनी ऑगस्टमध्ये यावं, तुम्ही आणि मुलीने दिवाळी करून, नोव्हेंबरच्या मध्यात. हे मत परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमच्या घरी मुलीकडे बघायला आजी-आजोबा आहेत म्हणून हे म्हणते. एकट्या राहत असतात तर वेगळं सांगितलं असतं.

कारणं सांगते. पहिलं कारण घर. श्टुटगार्टमध्ये कुटुंबाला पुरेल असं भाड्याचं घर भारतात बसून मिळत नाही, घरमालकाला माणूस समोर लागतो. एकटा माणूस दोन महिने लहानशा सुसज्ज खोलीत काढू शकतो. चार वर्षांच्या मुलीला घेऊन तेच दोन महिने नकोसे होतात. दुसरं कारण प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरीचा चाचणी काळ. तो सहा महिन्यांपर्यंत असू शकतो, आणि त्यात कोणत्याही बाजूने दोन आठवड्यांच्या सूचनेवर नोकरी संपवता येते. सहसा तसं होत नाही, पण पहिल्या तीन महिन्यांत कामाचा अंदाज येतो. तोपर्यंत तुमची नोकरी चालू असलेली बरी. तिसरं कारण तुमचे कागद आणि भाषा, ते सांगितलंच.

याला एक किंमत आहे. तुम्ही नाशिकला असेपर्यंत मिस्टर करवर्ग १ मध्ये, म्हणजे एकट्या माणसाच्या वर्गात, धरले जातील. ६२,००० मध्ये महिन्याला हातात साधारण ३,२०० युरो येतील. तुम्ही इथे आलात, तुमची कमाई नसली आणि तुम्ही दोघांनी मिळून फिनान्सआम्टकडे, म्हणजे कर कार्यालयाकडे, अर्ज केलात, तर ते वर्ग ३ मध्ये जातात आणि हातात ३,६०० च्या आसपास येतात. हा बदल आपोआप होत नाही, अर्ज करावाच लागतो. पण ३१ डिसेंबरच्या आत तुम्ही इथे राहायला आलात तर त्या वर्षाचं रिटर्न जोडप्याने एकत्र भरता येतं आणि फरकाचा बराचसा भाग परत मिळतो. (भारतातली त्या वर्षीची कमाई दाखवावी लागते, दराचा हिशोब तीही धरून होतो.) म्हणून मी नोव्हेंबर म्हणते, जानेवारी नाही.

नोव्हेंबरचं एक वाईटही सांगते. डिसेंबरमध्ये इथे साडेचारला अंधार पडतो, आणि आठवडाभर ऊन दिसत नाही असंही होतं. नाशिकहून आलेल्या माणसाला ते आत कुठेतरी लागतं. माझा पहिला डिसेंबर मी खिडकीत बसून रडत काढला आणि मला वाटलं माझ्यातच काही बिघडलंय. रोज दुपारी बारा ते दोनमध्ये मुलीला घेऊन बाहेर पडा, पाऊस असला तरी. भाषेचा वर्ग सकाळचा घ्या, म्हणजे घराबाहेर पडावंच लागेल.

पगारात भागेल का? भागेल. हातात ३,६०० धरा, वर मुलीचं किंडरगेल्ड (मुलांसाठीचा सरकारी भत्ता), ते २०२६ मध्ये महिन्याला २५९ युरो आहे. तीन खोल्यांचं घर, गरम पाणी-हीटिंग धरून, शहरात १,५०० च्या आसपास किंवा वर जाईल. ब्योब्लिंगन, एस्लिंगन, लुडविग्सबुर्ग अशा उपनगरी गावांत थोडं उतरतं, आणि एस-बानने (इथल्या लोकलने) अर्ध्या तासात श्टुटगार्ट गाठता येतं. डॉइचलांडटिकेट (देशभरच्या लोकल-बसचा पास) महिन्याला ६३ युरो, रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी घरटी महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी ही वर्गणी द्यावीच लागते, तेव्हा ते पत्र फसवणूक समजून फेकू नका. बालवाडीची फी या राज्यात पालकांना भरावी लागते, ती गावागणिक बदलते. घरी स्वयंपाक करणाऱ्या कुटुंबाचे महिन्याला पाच-सहाशे युरो वाचतात असं मी बघते. रुपयांत गुणाकार करत बसू नका. पुण्यातल्या पॅकेजशी तुलना करून फक्त रात्रीची झोप जाते.

अडचण येते ती पहिल्या दोन महिन्यांत. घराची अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असते, आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा तुमचा हक्क आहे. त्यावर पहिलं भाडं, पलंग, गाद्या, आणि बहुतेकांना धक्का बसतो ती गोष्ट, स्वयंपाकघर. इथली कित्येक घरं ओट्याशिवाय, शेगडीशिवाय, सिंकशिवाय दिली जातात. जाहिरातीत 'आइनबाउक्युशे' असा शब्द असेल तर ते बसवलेलं आहे असं समजा. नसेल तर दोन-तीन हजार त्याचेच. म्हणून हाताशी आठ ते दहा हजार युरो असू द्या, आणि मिस्टरांनी करारावर सही करण्याआधी कंपनीला विचारावं की स्थलांतराचा खर्च आणि पहिल्या महिन्यांची राहायची सोय ते करतात का. सही झाल्यावर विचारलं तर कंपनी हात आखडते.

आरोग्य विम्याची चिंता नको. या पगाराला सरकारी पद्धतीचा विमाच लागू होतो, आणि कमाई नसलेली बायको आणि मूल त्यात जादा पैसे न भरता धरले जातात. पुढे पगार वाढून ७७,४०० च्या वर गेला (ही २०२६ ची मर्यादा) तर खासगी विमा विकणारे फोन येऊ लागतील. मुलंबाळं असलेल्या कुटुंबाने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. परत यायचं दार फार अरुंद असतं.

इथपर्यंतचं एकत्र सांगायचं तर: ऑगस्टमध्ये ते, दिवाळीनंतर तुम्ही दोघी, तोवर नोकरी चालू, आणि त्या तीन-चार महिन्यांत ए२ आणि कॉलेजचे कागद. राजीनामा घर पक्कं झाल्यावर.

मिस्टर आल्यावरची कामं एकात एक अडकलेली असतात, म्हणून त्यांचा क्रम नीट समजून घ्या. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्या नोंदीला घरमालकाची सही असलेलं पत्र लागतं, 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग'. नाव लांबलचक आहे, पण हे पत्र नसेल तर पुढचं सगळं अडतं. नोंद झाली की करक्रमांक टपालाने घरी येतो. तो कंपनीला वेळेत मिळाला नाही तर पगारावर सर्वांत जड वर्गाचा कर कापला जाऊ शकतो. माझ्या ओळखीतलं एक कुटुंब पहिल्या वर्षी एका माणसाकडे पोटभाड्याने राहिलं. त्याने चावी दिली, पैसे घेतले आणि त्या पत्रावर सही करायला नकार दिला, कारण मूळ मालकाला त्याने या कुटुंबाबद्दल सांगितलंच नव्हतं. दोन महिने ते या शहरात राहत होते आणि कागदोपत्री कुठेच राहत नव्हते. म्हणून तात्पुरती खोली घेतानासुद्धा पैसे पाठवायच्या आधी लेखी विचारा: हे पत्र मिळेल का? "नंतर बघू" असं उत्तर आलं तर ती खोली सोडा.

यातली एक बारीक गोष्ट कोणी सांगत नाही. इथे पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन खालच्या पेटीवरचं नाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर तुमचं नाव नसेल तर करक्रमांकाचं पत्र, बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, सगळं परत जातं. राहायला गेल्याच्या दिवशी, सामान उघडायच्या आधी, कागदावर आडनाव लिहून पेटीला आणि बेलला चिकटवायचं. तुम्ही आलात की माहेरचं नावही लिहा, कारण तुमच्या डिग्रीवर तेच असणार आणि मान्यतेची पत्रं त्याही नावाने येऊ शकतात.

नावाचं आपलं मराठी प्रकरण इथे भलतंच गुंतागुंतीचं होतं, म्हणून थोडं थांबते. डिग्रीवर तुमचं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. पासपोर्टवर तुमचं नाव, नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. आपल्याला हे एकाच बाईचं नाव आहे हे बघताक्षणी कळतं, इथल्या कारकुनाला त्या दोन वेगळ्या बायका दिसतात. शिवाय त्यांच्याकडे मधलं नाव म्हणजे आणखी एक स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाही. मग दवाखान्यात मला माझ्या नवऱ्याच्या नावाने हाक मारली जाते आणि मी उठून उभी राहते. ते चालतं. पण मान्यतेच्या फायलीत दोन नावं जुळवणारा एकच पूल असतो, तुमचा विवाह नोंदणी दाखला. तो महानगरपालिकेतून ताजा काढून घ्या. त्यात लग्नाआधीचं पूर्ण नाव पासपोर्टच्या आणि डिग्रीच्या इंग्रजी स्पेलिंगशी अक्षरन् अक्षर जुळतंय का ते बघा. कुलकर्णीच्या स्पेलिंगमध्ये एका कागदावर एक आय आणि दुसऱ्यावर दोन ई असतील तर आताच दुरुस्त करा. गरज पडली तर नावबदलाचं राजपत्र आणि प्रतिज्ञापत्र करून ठेवा. मुलीच्या जन्मदाखल्यात तिचं नाव आणि आडनाव दोन्ही आलंय ना, तेही पाहा. कित्येकदा नावाचा रकाना कोराच राहिलेला असतो.

आणि हे सगळे दाखले शक्य तिथे इंग्रजीत किंवा मराठी-इंग्रजी द्विभाषिक स्वरूपात घ्या. इथल्या कचेऱ्यांना शपथबद्ध अनुवादकाचं भाषांतर लागतं. इंग्रजीवरून जर्मन करणारे ढिगाने मिळतात, मराठीवरून करणारे बोटावर मोजण्याइतके.

मुलीबद्दल. एक वर्षानंतरच्या प्रत्येक मुलाला बालवाडीच्या जागेचा कायदेशीर हक्क आहे, पण या भागात जागा मिळायला महिने लागतात. म्हणून मिस्टरांनी घराच्या करारावर सही केली की दुसऱ्याच दिवशी पालिकेच्या यादीत नाव घालावं. प्रवेशाला गोवराच्या दोन डोसांचा पुरावा सक्तीचा आहे, तिचं लसीकरणाचं कार्ड जपून आणा आणि डॉक्टरांकडून तारखांसह इंग्रजीत लिहून घ्या. इथे ३० जूनपर्यंत सहा पूर्ण झालेलं मूल त्याच वर्षी पहिलीत जातं, म्हणजे तिला भाषा शिकायला पुरेसा अवकाश आहे. पहिले दोन-तीन महिने ती बालवाडीत एक शब्दही बोलणार नाही. घाबरू नका, आणि तिच्याशी घरी जर्मन बोलू नका. तुमची मोडकीतोडकी जर्मन तिच्या कामाची नाही, तुमची मराठी आहे. जर्मन तिला बाहेरून मिळेलच.

सासू-सासऱ्यांचा तुम्ही ओझरता उल्लेख केलात. सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांना कायमचं सोबत आणता येईल का? १ मार्च २०२४ नंतर पहिल्यांदा ब्लू कार्ड मिळालेल्यांना आई-वडील आणि सासू-सासरे आणायची वाट कायद्याने उघडली आहे. प्रत्यक्षात आडवा येतो तो आरोग्य विमा. सत्तरीच्या, आजार असलेल्या माणसाला पुरेसं संरक्षण देणारा विमा इथे मिळणं अतिशय अवघड आणि महाग असतं. त्यावर बेत आखू नका. त्यापेक्षा जाण्याआधी त्यांच्या खात्यांना नॉमिनी, घराच्या कामांसाठी विश्वासातल्या माणसाला मुखत्यारपत्र, आणि रात्री दोन वाजता दार ठोठावता येईल असा एक शेजारी, एवढं पक्कं करा. त्या शेजाऱ्याला सासूबाईंच्या औषधांची यादी देऊन ठेवा.

भारतातली तुमची बचत खाती एनआरओ (अनिवासी भारतीयांची खाती) करावी लागतील, पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येईल. आधारशी जोडलेलं सिम कार्ड बंद पडू देऊ नका. बँक, आयकर, भविष्यनिर्वाह निधी, सगळ्यांचे ओटीपी त्यावर येतात, आणि इथून नंबर बदलणं फार जिकिरीचं आहे.

सामान शेवटी ठेवलं, कारण त्याची काळजी सगळ्यांत कमी करा. डाळी, मसाले, पोहे, साबुदाणा सगळं श्टुटगार्टमध्ये मिळतं. कुकर आणा, दोन जादा गास्केट आणा, गोडा मसाला घरचा आणा, नेहमीची औषधं चिठ्ठीसह आणा. जाड कोट तिथे घेऊ नका, इथल्या थंडीला तो पुरत नाही. मिस्टरांनी वाहन परवाना आणावा, पण इथे राहायला लागल्यापासून तो सहा महिनेच चालतो. पुढे इथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. आणि घर घेतलंत की विचारून घ्या की इमारतीत केअरवोखे आहे का. या भागातली ही जुनी चाल आहे, जिना आणि फाटकाबाहेरची वाट झाडायची पाळी आठवड्याआठवड्याने प्रत्येक घराकडे येते. पहिल्या पाळीला जिना मनापासून पुसा. माझ्या शेजारणीने माझ्याशी पहिलं वाक्य बोललं ते त्या दिवशी.

हातातल्या बॅगेत मात्र मूळ कागद. चेक-इनच्या बॅगेत कधीही नाही.

कॉलेजकडून तासांचा तक्ता मिळाला की त्यातलं तुमचं नाव-गाव झाकून इथे टाका. इथल्या विषययादीशी मी तो ताडून बघते, कुठे कमी पडतं ते सांगते, आणि प्राचार्यांकडून आणखी काय लिहून घ्यायचं तेही. हे जूनच्या आत झालं तर कॉलेजला सुट्ट्या लागायच्या आधी दुसरी चक्कर मारता येईल.